अमानतीचा हिशेब

आपल्या घरांत कर्ता माणूस गेला की चाळीसावा होईपर्यंत मालमत्तेचा विषय कोणी काढत नाही. चाळीसाव्यानंतर काढला, तर "अजून कबरीची माती वाळली नाही आणि यांना वाटणी सुचते" असे ऐकावे लागते. मग वर्ष जाते, दोन वर्षे जातात. तोपर्यंत घराचे कागद, दुकानाच्या चाव्या, बँकेचे पासबुक, शेताचा खंड, सगळे कोणाच्या तरी हातात गेलेले असते. बहुधा ते मोठ्या चाचांच्या, नाहीतर थोरल्या भावाच्या हातात असते. त्यांना कोणी रीतसर नेमलेले नसते आणि त्यांनी काय करायचे, काय करायचे नाही, हे कुठे लिहिलेले नसते. पण सगळे त्यांनीच सांभाळायचे असते.

या सांभाळणाऱ्या माणसाविषयी मला आज लिहायचे आहे. वारसा हक्कात कोणाला किती हिस्सा मिळावा, स्त्रियांना किती मिळावा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. पण मृत्यू आणि वाटणी यांच्या मधल्या काळात मालमत्ता कोण धरून ठेवतो, कशी धरतो आणि कोणाला उत्तर देतो, यावर आपण गप्प असतो. माझ्या पाहण्यात विधवेचा आणि यतीम मुलांचा हिस्सा बहुतेक वेळा याच मधल्या काळात हरवतो.

अशा माणसाला निरनिराळी नावे आहेत. वसीयतनाम्याची अंमलबजावणी करतो तो वसी. अज्ञान मुलाची मालमत्ता पाहतो तो वली किंवा पालक. ट्रस्ट केला असेल तर विश्वस्त, ज्याला आपण सरळ ट्रस्टी म्हणतो. वक्फ असेल तर मुतवल्ली. बँकेच्या फॉर्मवर ज्याचे नाव असते तो नॉमिनी. या प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे, पण मुळातली गोष्ट एकच आहे. मालमत्ता त्याच्या ताब्यात आहे, पण ती त्याची नाही. आपल्या बोलीत याला अमानत म्हणतात, आणि अमानतीत हात घालणाऱ्याला काय म्हणतात तेही आपल्याला ठाऊक आहे.

मला माहीत असलेले एक घर आहे. गाव आणि नावे सांगत नाही. घरातले वडील २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मागे पत्नी आणि तीन मुले: मोठी मुलगी सतरा वर्षांची, मुलगा चौदाचा, धाकटी दहाची. हार्डवेअरचे दुकान, थोडी शेती, बँकेत काही ठेवी. आजी-आजोबा आधीच गेलेले. धाकट्या चाचांनी दुकान चालवायला घेतले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो: चाचा लबाड नव्हते. त्यांनी मुलांच्या फिया भरल्या, भावजयीच्या आजारपणात धावपळ केली, मोठीचे लग्न लावून दिले. पण दुकानाचा गल्ला आणि त्यांचा खिसा एक झाला. दुकानाच्या पैशातून त्यांनी स्वतःच्या घराचा मजला चढवला, की स्वतःच्या पैशातून भावाच्या मुलांची फी भरली, हे आता खुद्द त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या वर्षी मुलगा अठराचा झाला आणि त्याने विचारले, "चाचू, दुकानाचा हिशेब?" चाचांचे उत्तर होते, "मी तुम्हाला वाढवलं आणि तू मला हिशेब विचारतोस?" त्या दिवसापासून दोन घरांत बोलणे बंद आहे.

या घरात वाटणी सोपी होती. मृताला मुलगा असेल तर सुन्नी कायद्यात भावाला काहीच हिस्सा मिळत नाही. समजा दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून ३२ लाखांची मालमत्ता उरली, तर पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांत मुलाचे १४ आणि दोन मुलींचे ७-७. चाचांचा हिस्सा शून्य. म्हणजे ज्याच्या हातात सगळे होते त्याचे त्यात काहीच नव्हते. हे त्यांना पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते आणि एक वही घालून दिली असती, तर आज ते त्या मुलांचे उपकारकर्ते ठरले असते. वही नव्हती, म्हणून आरोपी ठरले. हिशेब यतीमाचे रक्षण करतोच, पण प्रामाणिक सांभाळणाऱ्याचेही करतो.

हे काही नवे, बाहेरून आणलेले तत्त्व नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये सुरुवातीलाच यतीमांच्या मालाचा विषय आला आहे. दुसऱ्या आयतीत त्यांचा माल आपल्या मालात मिसळून खाण्याची मनाई आहे. सहाव्या आयतीत तर विश्वस्ताची जणू नियमावलीच आहे. मुले वयात येईपर्यंत त्यांची पारख करत राहावे, समज आलेली दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करावा, ती मोठी होतील या घाईने तो उडवू नये. सांभाळणारा सधन असेल तर त्याने काही घेऊ नये, गरीब असेल तर रिवाजाप्रमाणे वाजवी तेवढे घ्यावे. आणि माल परत देताना साक्षीदार ठेवावेत. ज्या समाजाच्या ग्रंथात साक्षीदारांसमोर माल परत करण्याची सूचना आहे, त्या समाजात हिशेब मागणे बेअदबी कशी ठरू लागली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आता देशाचा कायदा पाहू. खासगी ट्रस्टसाठी आपल्याकडे १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा आहे. तो वक्फला लागू नाही, पण मुस्लिम व्यक्तीने मुलांसाठी किंवा अपंग भावासाठी वेगळा खासगी ट्रस्ट केला तर हाच कायदा पाहावा लागतो. त्यातली विश्वस्ताची कर्तव्ये वाचली की सूरह निसाची आठवण व्हावी. विश्वस्ताने आधी मालमत्ता नेमकी काय आहे, कोणत्या स्थितीत आहे, हे समजून घ्यावे. साधारण शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जशी जपतो तशी ती जपावी. लाभार्थी एकाहून जास्त असतील तर कोणाला झुकते माप देऊ नये. हिशेब स्वच्छ ठेवावा आणि लाभार्थ्याने वाजवी वेळी मागितला की दाखवावा. ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करू नये, आणि विकायची जबाबदारी आपल्यावर असेल तर तीच मालमत्ता आपण किंवा आपल्या माणसाच्या नावाने विकत घेऊ नये. कागदात तसे लिहिलेले नसेल आणि तसा करार किंवा न्यायालयाचा आदेश नसेल, तर मेहनतान्यावर त्याचा हक्क नाही. आणि एकदा जबाबदारी स्वीकारली की मनाला येईल तेव्हा ती टाकून देता येत नाही.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ट्रस्टी होणे हा मान समजला जातो. मशिदीच्या कमिटीत असो की घरच्या वसीयतीत, नाव आले की माणूस सुखावतो. खरे तर हे नोकरीपेक्षा कठीण काम आहे आणि त्याचा पगारही नाही. ज्याला वेळ नाही, ज्याला कागद वाचायचा कंटाळा आहे, ज्याला दोन नातेवाइकांना "नाही" म्हणता येत नाही, त्याने नम्रपणे नकार द्यावा. नकार देण्याची वेळ जबाबदारी घेण्याआधी असते.

आता सगळ्यात अडचणीच्या जागेकडे येतो, ती म्हणजे आई. मूल सांभाळते आई, रात्री जागते आई, पण अज्ञान मुलाच्या मालमत्तेची पालक म्हणून मुस्लिम व्यक्तिगत कायदा तिला आपोआप मान्यता देत नाही. १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इमामबंदी खटल्यात सांगितले की आई ही मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नाही आणि तिने केलेली मुलाच्या स्थावर मालमत्तेची विक्री मुलावर बंधनकारक नाही. स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयानेही तोच नियम चालू ठेवला. सुन्नी कायद्यातील क्रम असा: वडील, वडिलांनी नेमलेला वसी, मग आजोबा, मग आजोबांनी नेमलेला वसी. चाचा आणि थोरला भाऊ या यादीत कुठेच नाहीत. आईला ज्या आधारावर बाजूला सारले जाते, त्याच आधारावर चाचाही बाजूला पडतात. पण व्यवहारात आईला कायदा दाखवला जातो आणि चाचांना चाव्या दिल्या जातात.

गावाकडे या गोंधळात सातबाऱ्याची भर पडते. वडील गेल्यावर वारस नोंद होते आणि अज्ञान मुलांच्या नावापुढे "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कोणाचे तरी नाव लागते. पुष्कळ लोकांना वाटते की हे नाव लागले म्हणजे जमीन विकायचाही अधिकार मिळाला. तसे नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद कोणाला कायदेशीर पालक बनवत नाही. कायदेशीर पालकालाही अज्ञानाची स्थावर मालमत्ता मर्जीप्रमाणे विकता येत नाही. दुप्पट किंमत येत असेल, मुलाच्या पोटापाण्याला दुसरा मार्गच नसेल, मृताचे कर्ज फेडायचे असेल, अशी मोजकीच कारणे मान्य आहेत. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला तर विक्रीसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. मुलींच्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र त्या अज्ञान असताना कोणी करून घेतले असेल, तर त्या कागदाच्या भरवशावर निवांत झोपू नये.

मग आईने काय करावे? दोन वाटा आहेत. पहिली वाट वडील हयात असतानाच खुली असते. त्यांनी वसीयतनाम्यात मुलांच्या आईलाच वसी नेमावे. सुन्नी कायद्यात आईला असे नेमता येते, आणि नेमल्यावर तिचे अधिकार दुसऱ्या कोणत्याही वसीसारखेच असतात. एका कागदाने एवढा मोठा फरक पडतो. तरीही हा कागद करणारे नवरे मला फार कमी भेटले. कोकणातल्या शाफई कुटुंबांनी आणि शिया कुटुंबांनी मात्र वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, कारण आजोबा हयात असतील तर त्या फिकहमध्ये त्यांचे स्थान वरचे आहे. दुसरी वाट वडील गेल्यानंतरची. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली आई जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकते. न्यायालय मुलाचे हित पाहून पालक नेमते. त्यात वेळ आणि पैसा जातो, पण दरवाजा बंद नाही. आईला मुलाच्या मालमत्तेची नैसर्गिक पालक मानणारा कायदा व्हायला हवा, ही आपली मागणी आहेच. ती मान्य होईपर्यंत पहिला कागद करण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

सांभाळणारा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ज्या घरात मुलगा नाही, फक्त मुली आहेत, तिथे सुन्नी कायद्यात मृताच्या भावाला हिस्सा मिळतो. समजा पत्नी, दोन मुली आणि एक भाऊ मागे आहेत आणि वाटणीसाठी २४ लाख आहेत. पत्नीचे ३, दोन मुलींचे मिळून १६ आणि भावाचे ५. हा भाऊच जर सगळ्यांची मालमत्ता सांभाळत असेल, तर स्वतःचा हिस्सा आणि भाचवंडांचा, चुकलो, पुतण्यांचा हिस्सा यांत तो न्याय कसा करणार? तो कितीही नेक असो, त्याला अशा पेचात टाकणेच चूक आहे. म्हणून ज्याचा हिस्सा आहे त्याच्या एकट्याच्या हातात सांभाळ देऊ नये. सोबत असा एक माणूस असावा ज्याला त्या मालमत्तेतून एक रुपयाही मिळणार नाही.

नॉमिनीबद्दलही गैरसमज मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विमा पॉलिसीच्या बाबतीत आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत सांगितले आहे की नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेतली रक्कम नॉमिनीच्या हातात येते ती वारसांना पोचवण्यासाठी. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते, फ्लॅटची मालकी नाही. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यासाठी वेगळी तरतूद झाली आहे, ती वकिलाकडून समजून घ्यावी. पण एरवी नॉमिनी हाही अमानतदारच.

वक्फचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्या वंशजांसाठी केलेला वक्फ, म्हणजे वक्फ-अलल-औलाद, प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये अडचणीत आणला आणि १९१३ च्या कायद्याने तो पुन्हा वैध झाला. कुटुंबाची मालमत्ता तुकडे न होता टिकावी, हा त्याचा चांगला उपयोग. पण मुलींना हिस्सा द्यावा लागू नये म्हणूनही त्याचा वापर झाला, हे आपण लपवू नये. २०२५ च्या दुरुस्तीत अशा वक्फमुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क डावलला जाणार नाही अशी तरतूद आली. या दुरुस्तीतल्या अनेक कलमांवर आपले गंभीर आक्षेप आहेत आणि ते आपण मांडत राहू. पण मुलीचा हक्क राखणाऱ्या या एका ओळीची गरज आपण आधीच, आपणहून ओळखायला हवी होती. मुतवल्लीही वक्फचा मालक नसतो. हिशेब बोर्डाला देणे त्याचे कर्तव्य आहे आणि कसूर केल्यास त्याला पदावरून काढता येते. ज्या समाजाला घरातल्या वसीला हिशेब विचारता येत नाही, तो मुतवल्लीला काय विचारणार?

आता करायच्या गोष्टी सांगतो. त्या सगळ्या एका महिन्यात होण्यासारख्या आहेत.

पहिली, वसीयत लिहा. मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते, पण ती शाबित करताना घर फुटते. कागदावर लिहा, दोन साक्षीदार घ्या, जमल्यास नोंदणी करा. वारसांच्या संमतीशिवाय वसीयत एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही, आणि सुन्नी कायद्यात एका वारसाला जादा देण्यासाठी बाकीच्यांची संमती लागते, हे ध्यानात ठेवा. हयातीत ट्रस्ट करायचा असेल तर स्थावर मालमत्तेसाठी नोंदणीकृत दस्त लागतो.

दुसरी, मालमत्तेची आणि कर्जाची यादी करा. त्या यादीत पत्नीचा न दिलेला महर लिहा. महर हे कर्ज आहे. वाटणीच्या आधी ते फेडणे हे वसीचे काम आहे. "तिने माफ केला" हे मय्यतीच्या वेळी तिच्या तोंडून वदवून घेण्याची रीत आता बंद झाली पाहिजे.

तिसरी, सांभाळणारे निदान दोन नेमा आणि त्यांपैकी एक स्त्री असू द्या. एक जण गेला किंवा थकला तर त्याच्या जागी कोण, तेही लिहा. त्यांना आधी विचारा. न विचारता नाव घालणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

चौथी, वेगळे बँक खाते आणि वेगळी वही. एक रुपयाही मिसळायचा नाही. सांभाळणाऱ्याने मेहनताना घ्यायचा असेल तर किती, ते आधीच लिहा. गरजू माणसाने वाजवी मोबदला उघडपणे घेणे हे मोफत काम करून मनात हिशेब ठेवण्यापेक्षा कितीतरी चांगले.

पाचवी, वर्षातून एकदा सगळ्यांसमोर हिशेब वाचा. रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब काढतोच. त्याच दिवशी यतीमांची वहीही उघडा. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींनाही समोर बसवा. त्यांना आकडे कळू लागतील, आणि अठराव्या वर्षी मालमत्ता हातात येईल तेव्हा ती गांगरणार नाहीत.

ज्या घरात ही वही कधी ठेवलीच गेली नाही, तिथे आज काय करता येईल, असे कोणी विचारेल. मी म्हणेन, आजपासून सुरू करा. मागचे जेवढे आठवते तेवढे दोघांनी मिळून लिहा, जे आठवत नाही त्याबद्दल कोणी वडीलधारा मध्ये घालून सुलह करा, आणि ती सुलह कागदावर घ्या. न्यायालयाची पायरी चढण्याआधी हा प्रयत्न व्हायलाच हवा.

आणि तरुणांना एक विनंती. हिशेब मागताना आवाज चढवू नका. ज्या चाचांनी तुम्हाला शाळेत सोडले त्यांच्याशी अदबीनेच बोला. पण अदब ठेवायची म्हणून हक्क सोडू नका, विशेषतः बहिणीचा आणि आईचा. वडीलधाऱ्यांनाही तेवढेच सांगणे आहे. पोराने हिशेब मागितला तर रागावू नका. वही पुढे करा आणि म्हणा, "बाळा, बस. मीच तुला बोलावणार होतो."